एमबीआय प्रश्नावली: साथीच्या काळात वॉर्डात वाटावी का?

बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून रिता होणं, मोजायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरीचं, म्हणजेच एमबीआयचं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती १९८१ साली प्रसिद्ध केली. कोविडच्या लाटांमध्ये अनेक अभ्यासांसाठी डॉक्टर आणि नर्सेसनी हीच भरली. ती फुकट मिळत नाही. प्रतींच्या संख्येनुसार पैसे भरावे लागतात, भाषांतरालाही परवानगी लागते.

आरोग्यसेवेसाठीच्या आवृत्तीत २२ विधानं आहेत: नऊ भावनिक थकव्याची, पाच रुग्णाविषयी आलेल्या कोरडेपणाची, आठ कामातल्या समाधानाची. प्रत्येक विधानापुढे ० म्हणजे ‘कधीच नाही’ ते ६ म्हणजे ‘रोज’ असा आकडा लिहायचा. दहा-पंधरा मिनिटांत होतं. मग तीन भागांचे तीन आकडे निघतात, अनुक्रमे ५४, ३० आणि ४८ पैकी. ते वेगळेच ठेवायचे. तिन्हींची मिळून १३२ पैकी एकच बेरीज मांडणं ही नेहमीची चूक, कारण तिसऱ्या भागात जास्त गुण म्हणजे माणूस बरा. थकव्यात २७ किंवा जास्त म्हणजे बर्नआउट, ही रेघसुद्धा जुनी; नव्या मॅन्युअलमध्ये ती ठेवलेली नाही.

या प्रश्नावलीचं खरं बळ कोरडेपणाच्या त्या पाच विधानांत आहे. पहिल्या लाटेत नातेवाइकांना फोन करताना जिचा आवाज कापायचा, तीच नर्स पुढे ‘सात नंबर गेला’ एवढं सपाट आवाजात सांगते. नुसता थकवा मोजला तर तिचे गुण कदाचित वाढलेलेही दिसणार नाहीत. मराठीत दमणं वेगळं आणि विटणं वेगळं. दमलेला माणूस दोन दिवसांच्या सुट्टीने सावरतो, विटलेल्याला सुट्टी संपायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. हा फरक एमबीआय पकडते, म्हणून तिचं मोल.

साथीत मात्र ती एका जागी हमखास अडते: काळाचं माप. तिच्या श्रेणीत १ म्हणजे ‘वर्षातून काही वेळा किंवा कमी’, २ म्हणजे ‘महिन्यातून एकदा किंवा कमी’. तीन आठवड्यांपूर्वी बालरोग वॉर्डातून उचलून आयसीयूत टाकलेल्या माणसाने यावर काय लिहायचं? तो एकतर जुन्या वॉर्डाचं उत्तर देतो, नाहीतर कालच्या नाइटचं. दर पंधरा दिवसांनी हीच प्रश्नावली वाटून लाटेचा चढउतार पाहणं म्हणूनच फोल. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा वापरावी, तिथे ती चोख आहे.

दुसरी अडचण, आरोग्यसेवेची ही आवृत्ती फक्त रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्यांसाठी आहे. सफाई कामगार, लॅब टेक्निशियन, शवागारातला कर्मचारी यांना ही विधानं लागूच पडत नाहीत. पीपीई किटमध्ये तेही तेवढेच घामेजले होते. त्यांच्यासाठी कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी जास्त बरी. तिच्यात १९ प्रश्न आहेत: सहा वैयक्तिक थकव्याचे, सात कामाचे, सहा रुग्णांशी येणाऱ्या संबंधांचे. शेवटचे सहा गाळले तरी बाकीचा हिशेब बिघडत नाही, आणि ती मोफत आहे. उत्तरांना ०, २५, ५०, ७५, १०० असे गुण देऊन सरासरी काढायची. घरच्यांसाठी अंगात त्राण उरतं का, हा एक प्रश्न तेवढा उलटा मोजायचा. तो सरळ मोजला गेला की कामाच्या भागाची सरासरी बिघडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

या दोन्हींपैकी एकीतूनही नैराश्य कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट हा आजार धरलेला नाही, तो कामाशी जोडलेला प्रकार मानला आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी, २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तपासणी सुचवणारी. पण तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. बिननावाच्या फॉर्मवर कुणी तिथे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर तो कोण हे शोधायचं कसं? अशा पाहणीत तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ घ्यावी आणि त्याच पानावर रात्रीही उचलला जाणारा मदतीचा फोन नंबर छापावा. नववा प्रश्न हवाच असेल तर उत्तरं त्याच दिवशी वाचणारा माणूस आधी नेमावा.

वाटताना फॉर्मच्या माथ्यावर ‘बर्नआउट’ हा शब्द नको, त्याने उत्तरं झुकतात. बारा तासांच्या नाइटनंतर भरून घेऊ नये. आठ जणांच्या युनिटात वय, लिंग आणि अनुभव तिन्ही विचारलं की नाव विचारल्यासारखंच होतं. मग सगळे मधला आकडा लिहून मोकळे होतात. प्रमुखांनी स्वतः फॉर्म गोळा करू नयेत, बंद पेटी ठेवावी. पेटीत कोरे फॉर्म जास्त निघाले तर त्यांचीही मोजदाद ठेवावी, भरवसा कुठे संपलाय ते त्यातून दिसतं.

मोठं हॉस्पिटल, हातात सहा महिने आणि आकडे बघणारा जाणकार असेल तर एमबीआयचे पैसे वसूल होतात. लाट अंगावर असताना कोपनहेगन पुरे. कोणतीही निवडली तरी रोस्टर ठरवणाऱ्यांकडून आधी लेखी घ्यावं, की निकालानंतर लागोपाठच्या नाइट कमी करता येतील का, बदली माणूस मिळेल का. त्यांचं उत्तर येईपर्यंत प्रती मागवू नयेत.