तीन उन्हाळ्यांनंतर छतावरचं सोलर : युनिट नेमकी जातात कुठे?

घरावर सोलर बसवल्यापासूनचा हा तिसरा उन्हाळा. गाव सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या जवळ. ५४० वॅटचे सहा मोनो पर्क (सिलिकॉन पॅनलचा एक प्रकार) पॅनल, त्यांची वीज घरच्या वापराजोगी करणारा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर, आणि लाइनला दिलेली व घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर. गल्लीत सगळे एकच विचारतात : पॅनलची ताकद दरवर्षी किती उतरते? माझ्या मते पॅनल उतरतो थोडाच, युनिट भलत्याच वाटांनी जातात.

पॅनल म्हातारा होतो हे खरं. पर्क प्रकारात सिलिकॉनमधल्या बोरॉन आणि ऑक्सिजनमुळे सुरुवातीच्या उन्हातच थोडी क्षमता जाते. म्हणून वॉरंटीच्या कागदावर पहिल्या वर्षी साधारण २ टक्के आणि नंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट आधीच धरलेली असते. पुढे सेलवरचं (सेल म्हणजे पॅनलमधले वीज बनवणारे तुकडे) पारदर्शक आवरण पिवळं पडतं, ओल शिरून जोड गंजतात. बसवताना कोणी पॅनलवर पाय दिला तर सेलला न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्याचा हिशेब मात्र कुठल्याच कागदात नसतो. पॅनल बसवतील त्या दिवशी छतावर लक्ष ठेवायला उभं राहाच.

आता उन्हाळा. ५४० वॅट हा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. एप्रिलच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे १४ टक्के तिथेच गेले, ५४० चे ४६४ उरले. संध्याकाळी पॅनल गार झाला की हा तोटा भरून निघतो, ही काही झीज नव्हे. तरी मे महिन्यात इन्व्हर्टरच्या ॲपवर युनिट बघून 'पॅनल खराब निघाले' म्हणणारे भेटतातच. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आमच्याकडचा खरा शत्रू म्हणजे काजळी. गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीतून चिपाडाची राख येते, त्यात रानात पाचट पेटवतात. साधी धूळ पावसात निघून जाते, ही काजळी दवात भिजून काचेला चिकटते आणि खालच्या कडेला पट्टा साचतो. तेवढ्या पट्ट्याखालचे सेल अडले की त्यांच्या रांगेतल्या बाकीच्यांचीही वीज अडते. कबुतराची विष्ठा तर आणखी वाईट, कारण झाकलेला सेल तापून कायमचा डाग पडू शकतो. धुणं पहाटेच, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं की पांढरा थर बसतो, तो राखेपेक्षा चिवट. मी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी आणि मऊ वायपर वापरतो. घासणी, पावडर काही नाही.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. दुपारी लाइनचा व्होल्टेज वर गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, आणि वीज गेली तरीही. लख्ख ऊन असून युनिट शून्य! ॲपमधला आलेख मध्येच तुटलेला दिसला तर पॅनलला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा.

नवीन घेणाऱ्यांनी टॉपकॉन या पर्कनंतर आलेल्या प्रकारचे पॅनल बघावेत. त्यांत बोरॉनची ती सुरुवातीची घट जवळपास नसते. आणि वॉरंटी दोन असतात. २५ वर्षांची असते ती कामगिरीची, म्हणजे वीज ठरल्यापेक्षा जास्त घटणार नाही याची, पॅनलमधल्या दोषाची वेगळी आणि बहुधा कमी मुदतीची. इन्व्हर्टरची तर त्याहून कमी. तिन्ही मुदती बिलासोबत लेखी घ्या.