“वसंतापर्यंत थांबा, फुलं येतील”: कंदांच्या खरेदीत झालेली फसवणूक

वसंताच्या तोंडावर फुलणारे कंद विकले जातात शरदात. पैसे आधी जातात, माल मातीखाली जातो आणि फूल येणार की नाही हे कळेपर्यंत कित्येक महिने उलटतात. तक्रारीची मुदत मात्र पार्सल हातात पडल्यापासून मोजक्याच दिवसांची असते. मला फसवणाऱ्या विक्रेत्याने नेमका हाच मधला काळ वापरला. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी ऑनलाइन मिश्र संच मागवला होता. त्यात स्नोड्रॉप, क्रोकस, बुटकी आयरिस रेटिक्युलाटा आणि लवकर फुलणारे ट्यूलिप होते. झाडांना अजून पालवीही नसते, तेव्हा ही फुलं एकामागून एक जमिनीतून वर येऊ लागतात. बागेत त्याहून मोठा आनंद मला तरी ठाऊक नाही. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: मोठ्या आकाराचे कंद, पहिल्याच वर्षी फुलं.

खोकं उघडलं तर वरच्या थरातले ट्यूलिप भरदार आणि टणक होते, खाली सगळी चिल्लर. ट्यूलिपच्या कंदाची प्रत घेरावरून ठरते. 12 सेंमी किंवा जास्त घेर म्हणजे उत्तम, 10-11 सेंमी म्हणजे चालण्याजोगा. (रानट्यूलिपच्या काही जाती मुळातच लहान असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) मी टेप लावून पाहिलं, तर खालचे बरेचसे कंद 7 सेंमीही भरत नव्हते. स्नोड्रॉपचे कंद तर वाळून पोकळ झाले होते. ते फार काळ मातीबाहेर टिकत नाहीत, म्हणूनच अनेक जाणकार फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच ते काढून दुसरीकडे लावतात.

त्याच दिवशी फोटो जोडून तक्रार केली. उत्तर लगेच आलं, तेही अगदी गोड भाषेत: “ताई, आकारावर जाऊ नका. कंद लावून टाका. वसंतापर्यंत थांबा, फुलं आली नाहीत तर सगळे पैसे परत.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. सगळी मेख त्यातच आहे.

वसंत आला. वरच्या थरातल्या कंदांना फुलं आली. बाकीच्यांनी एकेक रुंद पान काढलं आणि तिथेच थांबले. स्नोड्रॉपचा पत्ताच नव्हता. पुन्हा लिहिलं तर म्हणे पाणी जास्त झालं असेल, माती जड असेल, थंडी कमी पडली असेल. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: “तक्रारीची मुदत संपली आहे.” त्यानंतर काहीच नाही.

ही कारणं ऐकून नवखा माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते. ट्यूलिपची कळी लागवडीआधीच, उन्हाळ्यात साठवणीत असताना, कंदाच्या आत तयार होते. पहिल्या वर्षीचं फूल ही कंद वाढवणाऱ्याची कमाई असते. शंका आली तर एक कंद उभा चिरा. चांगल्या कंदाच्या मधोमध इवली कळी भिंगातून दिसते. थंडी खरंच लागते, ट्यूलिपला साधारण 9 अंश सेल्सिअसखाली 12 ते 16 आठवडे. पिकत्या फळांजवळ कंद ठेवले तर त्यांच्या इथिलीन वायूने कळी आतच मरते, हेही खरं. पण तेव्हा कंदात सुकलेली कळी तरी सापडते. लहानग्या कंदात मुळात कळीच धरलेली नसते. उरलेल्या बारक्या कंदांपैकी काही मी चिरून पाहिले, आत नुसते पापुद्रे होते.

विक्रेत्याच्या त्याच वेबपानावर गडद निळ्या ट्यूलिपचे फोटोही होते. खराखुरा निळा ट्यूलिप अस्तित्वातच नाही. ‘ब्लू पॅरट’सारखी नावं असतात, पण फूल जांभळं निघतं. निळा रंग हवा असेल तर सिला किंवा मस्कारी लावा, ती खरोखर निळी असतात. आणि कुणी ट्यूलिपचं बी देऊन त्याच वर्षी फुलं येतील म्हणत असेल तर ती सरळ थाप आहे. बियांपासून फूल यायला पाचसहा वर्षं सहज जातात.

स्नोड्रॉप फारच स्वस्त मिळत असतील तर ते कुठे वाढवले हे विचारा. रानातून उपटलेले कंदही विकले जातात. या फुलांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींसाठीच्या जागतिक कराराचं नियंत्रण आहे, आणि आपल्या कुंडीसाठी कुठलंतरी रान ओरबाडलं जावं असं कुणालाच वाटणार नाही.

मागवण्यापूर्वी घेर किती सेंमी, हे लेखी विचारा. नुसतं “मोठा” हे उत्तर घेऊ नका. पार्सल आल्यावर वरचा थर बाजूला करून तळातले कंद मोजा, टेपसकट फोटो काढा, बूड मऊ किंवा आंबूस वासाचं आहे का तेही बघा. गडबड दिसली तर लावत बसू नका आणि वसंताचं आश्वासनही स्वीकारू नका. मुदत संपायच्या आत, ज्या मार्गाने पैसे भरले त्या बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे लेखी तक्रार दाखल करा. विक्रेता मध्येच गोड बोलून ती मागे घ्यायला सांगेल. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती मागे घेऊ नका.