ओटी लिस्ट आणि खाटांचं गणित: गूगल शीट्स वापरून पाहताना

ओटी (ऑपरेशन थिएटर) रिकामी आहे म्हणून ऑपरेशन लागतं आणि खाट नाही म्हणून रद्द होतं. मुंबईतल्या 30-40 खाटांच्या नर्सिंग होमला हे टाळायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट्स पुरतं, फुकटही आहे.

एका ओळीत एक रुग्ण: आयपीडी नंबर म्हणजे दाखल रुग्णाचा नोंद क्रमांक (नाव टाकू नका), ऑपरेशनचा प्रकार, दाखल झाल्याची वेळ, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्याची वेळ, खाट खरोखर रिकामी झाल्याची वेळ. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवा. त्यांच्यामधला वेळ आजाराचा नसतो, बिल आणि टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या) मंजुरीचा असतो. विमा नियामकाने 2024 मध्ये अंतिम मंजुरीला 3 तासांची मुदत घातली, तरी सकाळच्या राउंडला सुटलेल्या रुग्णाची खाट दुपारी मिळेलच असं धरू नका.

सरासरीवर मात्र विसंबू नका. समजा, गुडघा बदललेले दहा रुग्ण 3, 3, 3, 4, 4, 4, 4, 5, 5 आणि 14 रात्री राहिले. सरासरी 4.9, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) 4. एका 14 ने आकडा फुगवला, पण तो पुसायचाही नाही. खाट त्यानेही अडवलीच ना! त्याऐवजी 'काउंटइफ्स'ने (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं शीट्सचं सूत्र) प्रत्येक रात्री किती जण उरतात ते मोजा. पाचव्या रात्री दहापैकी 3, म्हणजे प्रत्येक नव्या रुग्णामागे 0.3 खाट. लिस्टवरच्या सगळ्यांची अशी बेरीज म्हणजे त्या रात्रीची अपेक्षित गरज. सगळ्यांना सरसकट 4 रात्री धरल्या तर पाचव्या रात्री शीट शून्य दाखवतं आणि लिस्ट तिथेच कोसळते. बेरीजही शेवटी अंदाजच, म्हणून वर एक-दोन खाटा राखून ठेवा.

सगळ्यात त्रासदायक दोष तारखांचा. सेटिंगमध्ये लोकेल (कोणत्या देशाची पद्धत) अमेरिकेचं राहिलं तर 05/07 हा 5 जुलैऐवजी 7 मे होतो आणि मुक्काम चुकीचा येतो. आधी लोकेल 'भारत' करा. दुसरं, एकाने क्रम बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो. 'फिल्टर व्ह्यू' (इतरांचं शीट न बदलणारी आपली वेगळी मांडणी) वापरा, सूत्रांचे रकाने लॉक करा.

आयसीयूसाठी हे वापरू नका. तिथे खाटा मोजक्या, एक लांबलेला मुक्काम सगळं गणित मोडतो. आणि पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण वॉर्ड भरतात, तेव्हा जुलै ते सप्टेंबरचा ठोकताळा वेगळ्या टॅबवर, मागच्या पावसाळ्याच्याच नोंदींवरून मांडा.