ॲप नंतर बघा, आधी नळाचा दाब बघा : स्मार्ट टायमरचे आठ महिने

बागेच्या नळाला स्मार्ट टायमर, म्हणजे ठरल्या वेळी पाणी आपोआप सुरू-बंद करणारं आणि फोनवरून चालवता येणारं यंत्र, घ्यायचा ठरला तेव्हा मी आठवडाभर वेगवेगळ्या ॲपचे स्क्रीन बघत बसले होते. आमच्या नळाला पाणी किती जोरात येतं, याचा विचार मनात आलाच नाही. पहिला टायमर परत करावा लागला तो त्यामुळेच. दुसरा गेले आठ महिने रोज चालू आहे आणि त्याच्याबद्दल आता खात्रीने लिहू शकते.

आमचा बागेचा नळ गच्चीवरच्या टाकीवर आहे. टाकीतलं पाणी नळापासून साधारण चार मीटर उंच. पाण्याच्या दर एक मीटर उंचीला सुमारे ०.१ बार (बार हे दाबाचं एकक) दाब मिळतो, म्हणजे माझ्या नळाला जेमतेम ०.४ बार. पहिल्या टायमरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘किमान दाब ०.५ बार’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं, पण एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटलं.

पहिले चार दिवस सगळं ठीक चाललं. पाचव्या दिवशी पाणी देऊन झाल्याची सूचना फोनवर आली, पण नळीच्या तोंडातून करंगळीएवढी धार वाहतच होती. नळ बंद केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी टायमरचे चार स्क्रू काढून आत बघितलं. आत रबरी पडदा असतो, आणि त्याच्या कडेला सुईने पाडल्यासारखं एक बारीक भोक. त्या भोकातून पाणी पडद्याच्या वर साठतं आणि त्याच पाण्याच्या दाबाने पडदा खाली बसतो. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी चुंबकी खुंटी, फक्त वरचं पाणी बाहेर जाऊ देतो किंवा अडवतो, बाकी सगळं काम पाण्याचा दाब करतो. माझ्या पडद्याच्या भोकात वाळूचा एक कण अडकला होता. तो काढला तरी दाब मुळातच कमी असल्यामुळे पडदा पूर्ण बसेना. त्यात टायमरचा दोष नव्हता, तो माझ्या नळासाठी नव्हताच. ज्यांच्याकडे थेट लाइनचं जोराचं पाणी आहे त्यांना हा प्रकार उत्तम चालतो, आणि सेलही कमी खातो.

दुसरा घेतला तो बॉल व्हॉल्व्हचा. यात छोटी मोटर भोक असलेला गोळा फिरवते, त्यामुळे पाण्याला दाब असो वा नसो, तो उघडतो आणि बंद होतो. सुरू होताना पाच-सहा सेकंद गर्रर्र असा आवाज येतो. सकाळी साडेपाचला खिडकी उघडी असेल तर तो आवाज ऐकू येतो आणि मला तो आवडतो, कारण त्याच्यावरून कळतं की झाडांना पाणी सुरू झालं. झडप हळू बंद होत असल्याने पाइपला धक्काही बसत नाही. मोटरमुळे सेल मात्र लवकर संपतात. चार सेल मला साडेचार महिने पुरले. रिचार्जेबल सेल घालून बघितले, पण ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून पहिल्याच दिवशी ‘सेल कमी’ अशी सूचना आली. ते काढून साधे अल्कलाइन घातले.

सेलवरून आठवलं, विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा : पाणी चालू असताना सेल संपले तर झडप कुठल्या अवस्थेत राहते? माझा टायमर सेल एका मर्यादेखाली उतरले की झडप बंद करतो आणि मग पुढची वेळ पाळतच नाही. झाडं एक दिवस तहानलेली राहिली तर सावरतात. झडप उघडी राहिली तर रात्रभरात टाकी रिकामी होते.

आट्यांचा घोळ अनेकांच्या वाट्याला येतो. खोक्यावर ‘पाऊण इंच’ लिहिलेलं असलं तरी अमेरिकी बागेच्या नळीला इंचाला साडेअकरा आटे असतात आणि बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाच्या नळाला चौदा. दोन्ही एकमेकांवर थोडे चढतात, मग तिरके अडकतात आणि गळतात. टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही, कारण अशा जोडात पाणी आटे अडवत नाहीत, आतला चपटा वॉशर अडवतो. योग्य अडॅप्टर घ्या आणि हातानेच आवळा. पान्हा लावला तर प्लॅस्टिकची चकती चिरते.

किती मिनिटं पाणी द्यायचं हे ॲपला माहीत नसतं. ते मोजावं लागतं. माझ्या ड्रिपरवर (ठिबकची थेंब सोडणारी तोटी) ताशी २ लिटर लिहिलं आहे, पण तो आकडा १ बार दाबाचा. मी एका ड्रिपरखाली मोजपात्र ठेवलं तर वीस मिनिटांत ४०० मिली पाणी जमलं, म्हणजे तासाला १.२ लिटर. त्या हिशेबाने टोमॅटोला पंचवीस मिनिटं लावली. कुंड्यांना सलग दिलं तर कोरडी माती पाणी धरत नाही, कडेने खाली निघून जातं. म्हणून दहा मिनिटं पाणी, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं असं लावलं, आणि कुंडीखालच्या बशा कोरड्या राहायला लागल्या.

माझ्या टायमरला पाणी बाहेर सोडणारी दोन तोंडं आहेत आणि हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा ठरला. एक तोंड उघड्या वाफ्याला, दुसरं छपराखालच्या कुंड्यांना. पावसाचा अंदाज बघून पाणी टाळण्याची सोय वाफ्यासाठी चालू ठेवली आहे. कुंड्यांसाठी बंद, कारण त्यांच्यावर पावसाचा थेंब पडत नाही. सुरुवातीला दोन्हींना चालू होती तेव्हा सलग तीन दिवस ‘पावसामुळे टाळले’ असं दिसत राहिलं आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना मोगऱ्याची पानं मलूल झाली.

राउटर बंद करून एकदा चाचणी घ्या. मी दोन दिवस मुद्दाम हब, म्हणजे टायमरला इंटरनेटशी जोडणारी डबी, काढून ठेवला. पाणी ठरल्या वेळी येत राहिलं, फक्त फोनवर सूचना आल्या नाहीत. वेळापत्रक टायमरच्याच मेमरीत राहतं याची त्यातून खात्री झाली. सेल बदलल्यावर मात्र आतलं घड्याळ पुसलं जातं. हबशी जोडला जाऊन वेळ नीट दिसेपर्यंत तिथून हलू नका.

टायमरच्या पाणी मोजण्याच्या मीटरबद्दल माझी तक्रार आहे. ठिबकचा बारीक प्रवाह त्याला नीट पकडता येत नाही, त्यामुळे रोजचे लिटर खऱ्यापेक्षा कमी दिसतात. पण याच मीटरने अकरा दिवसांच्या प्रवासात बाग वाचवली. सातव्या सकाळी प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट झाल्याची सूचना आली. मी ॲपवरून झडप बंद केली आणि शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या जाऊन बघून म्हणाल्या, “अगं, भिंतीशी पाणीच पाणी आहे, काळी नळी निसटून पडलीय.” मी म्हटलं, “काकू, तेवढी परत खोचून द्याल का? पाणी मी इथून सुरू करते.” त्यांनी नळी बसवली, मी फोनवरून झडप उघडली आणि काकू पलीकडून सांगत होत्या, “आलं, आता थेंब पडतायत.”

घरी आल्यावर त्या जोडाला पक्की क्लिप लावली. बाहेर जाताना काकूंना नळाची चावी कुठल्या बाजूला फिरवायची तेही दाखवून ठेवते, कारण टायमर लावला की मूळ नळ चोवीस तास उघडा राहतो आणि नळ ते टायमर या वीतभर भागावर सतत पाण्याचा भार असतो. तिथे काही फुटलं तर ॲप काहीच करू शकत नाही.

देखभाल फार नाही. दर महिन्याला टायमरमध्ये पाणी आत येतं तिथली जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासते. मागच्या आठवड्यात जाळीवर पांढरा थर दिसला, क्षारांचा. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर निघाला. असाच थर गोळ्यावर बसला तर मोटर अडकू शकते, म्हणून आता पाणी द्यायचं नसलं तरी दोन्ही तोंडं आठवड्यातून एकदा मिनिटभर उघडतील असं लावून ठेवलं आहे.