फ्रेंचचं अ‍ॅप, नऊ महिने रोज वापरल्यावर

वर्षाची वर्गणी भरून नऊ महिने झाले. रोज नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन, तिथून ऐरोलीची गाडी, आणि बसायला जागा मिळाली की अ‍ॅप उघडायचं. मधल्या काळात डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची ए-२ पातळी पास झाले. १०० पैकी ५० लागतात, मला ७१ मिळाले. कान तयार झाला तो या अ‍ॅपमुळेच, त्याबद्दल पूर्ण गुण.

व्याकरणाबद्दल मात्र माझी मनापासून तक्रार आहे. चूक झाली की लाल फुली येते, कारण कळत नाही.

लिंगाचंच घ्या. आपली तीन, फ्रेंचमध्ये दोन. आपलं 'ते' टेबल तिथे स्त्रीलिंगी, 'ते' पुस्तक पुल्लिंगी, आणि 'तो' चंद्र स्त्रीलिंगी. सहा महिने मी एकेक शब्द घोकत होते. 'नासिओं'सारखे शेवटी 'सिओं' येणारे शब्द स्त्रीलिंगी असतात, एवढी साधी खूणसुद्धा मला बाहेरून कळली. नकाराचंही तसंच. 'मी पाव खाते' यात 'द्यु पँ', पण 'खात नाही' म्हटलं की 'द पँ'. आणि 'हा पाव नाही' म्हणताना पुन्हा 'द्यु'च! यावर तर मी कितीतरी फुल्या खाल्ल्या.

खरी अडले ती भूतकाळात. 'ती गेली' म्हणताना 'एल ए पार्ती', लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाचा जादा 'ई', बोलताना काहीच फरक नाही. 'मी सफरचंद खाल्लं', 'जे मांजे ला पॉम', सफरचंद तिथे स्त्रीलिंगी, तरी इथे जादा 'ई' नाही. पण 'मी खाल्लेलं सफरचंद', 'ला पॉम क जे मांजे' म्हटलं की 'ई' परत हजर. एका रविवारी तलावपाळीवर मावशीला वही दाखवली. तिने शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय. ती म्हणाली, "अगं, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, हा आपला कर्मणी प्रयोगच की! क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय."

फरक एवढाच, की आपल्याकडे कर्म कुठेही असलं तरी चालतं. फ्रेंचमध्ये 'आव्हुआर' हे साहाय्यक क्रियापद ('जे मांजे'त तेच आहे) लावल्यावर कर्म क्रियापदाच्या आधी आलं, तरच जुळवायचं. मी तिथेच वहीत दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली. त्यानंतर हा नियम मला पाठ करावा लागला नाही. अ‍ॅप सगळं इंग्रजीतून समजावतं, आणि इंग्रजीत क्रियापद असं कर्माशी जुळतच नाही. मग ते पटणार कसं?

इंग्रजी वाक्यं दाखवायच्या जागी मराठी निवडायची सोय द्या, असं मी त्यांना दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही.

ऐकण्याच्या सरावासाठी हे जरूर घ्या, वर्गणीचे पैसे वसूल होतात. व्याकरणाला मात्र वही वेगळी ठेवा. माझ्या वहीत सध्या सब्जाँक्तिफ, म्हणजे इच्छा वगैरे सांगताना येणारं क्रियापदाचं रूप, चालू आहे. 'ज व्हो किल व्हिएन'च्या खाली मावशीच्या अक्षरात लिहिलंय, 'त्याने यावं, असं मला वाटतं'.