मॅक की अॅब्सेसस? सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फरक कुठे पडतो

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार. त्यात थुंकीत एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे क्षयाच्या कुळातले जंतू) दिसले, पण सीबीनॅटमध्ये (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) क्षयाचे जंतू नाहीत, तर एनटीएमचा (त्याच कुळातले, पण क्षयाचे नसलेले जंतू; मॅक आणि अॅब्सेसस हे त्यातलेच दोन) संशय धरून कल्चर करा, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहा. नागपूरच्या मे महिन्यात थुंकीची डबी बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच न्या. उन्हात स्युडोमोनास (या आजारात फुप्फुसात नेहमी आढळणारा दुसरा जंतू) फोफावतो आणि कल्चर वाया जातं.

मॅकवर अॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही औषधं. कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही 12 महिने. आयव्हाकाफ्टर (सिस्टिक फायब्रोसिसच्या मूळ दोषावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, रिफॅम्पिसिन त्याची रक्तातली पातळी पाडतं.

अॅब्सेसस खरा चिवट. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. अमिकासिन, इमिपेनेमची इंजेक्शनं आठवडेच्या आठवडे लागतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अॅझिथ्रोमायसिनच्याच गटातलं औषध) जंतूवर चालतं का याची चाचणी 14 दिवस ठेवायला प्रयोगशाळेला बजावून सांगा. तिसऱ्या दिवशी औषधाला नमलेला दिसणारा जंतू पुढे त्याला दाद न देणारा निघू शकतो.

फुप्फुसाच्या सुजेसाठी एकटं अॅझिथ्रोमायसिन चालू असेल, तर मॅक असो वा अॅब्सेसस, ते थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.