चाळीस खुर्च्या, चार फूट

आमच्या हौशी नाटक ग्रुपमध्ये अकरा वर्षं खुर्च्यांचं खातं माझ्याकडे आहे. पडदा पडला की बाकीचे फोटो काढतात, मी खुर्च्या आवरतो. त्यामुळे ग्रुपने घेतलेली खुर्ची बसायला कशी आहे ते शेवटी. आधी उचलायला कशी आहे ते सांगतो.

या वर्षी 40/4 नावाच्या सेकंडहँड खुर्च्या घेतल्या. 40/4 म्हणजे चाळीस खुर्च्यांची चळत चार फुटांत. मला वाटलं, जाहिरात करणारे बोलतातच असं! म्हणून टेप लावली. सगळ्यात खालची खुर्ची अडीच फुटांची, वरच्या एकोणचाळीस मिळून दीड फूट. म्हणजे एकीमागे जेमतेम 12 मिलिमीटर. गंमत सांगाड्यात आहे. तो 11 मिलिमीटरच्या पोलादी सळईचा. एकीची सळई खालचीच्या सळईवर टेकते आणि सीट-पाठीचा पातळ पत्रा त्या फटीतच मावतो. दोन खुर्च्यांमध्ये वाया गेलेली जागा शोधून बघा, सापडत नाही.

हे डोकं डेव्हिड रोलँड या अमेरिकन डिझायनरचं. दुसऱ्या महायुद्धात तो बी-17 बॉम्बर चालवायचा, तेव्हा अवघडून बसणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक. या एका खुर्चीवर त्याने वर्षानुवर्षं घालवली. 1964 मध्ये ती बाजारात आली आणि त्याच वर्षी इटलीतल्या मिलानच्या त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्येही याच खुर्च्या आहेत. तिथलं आवरणाऱ्याला माझा नमस्कार.

खुर्च्या शेजारी-शेजारी एकमेकींत अडकतात, रांग दोरी न लावता सरळ येते. पण उशिरा आलेल्या पाहुण्याने आपली खुर्ची ओढली की शेजारचीही हलते, आणि ऐन शांत प्रसंगात पोलाद वाजतं. चळत लावताना एक जरी तिरकी बसली तर वरच्या सगळ्या तिचाच कित्ता गिरवतात. मग उतरवा परत. चाकांची गाडी मात्र सोबत घ्याच. चाळीसची चळत हाताने ढकलायचा विचारही नको.

आता बसायचं. पाठीला बाक चांगला आहे, पहिला अंक मजेत जातो. दुसऱ्यात पत्रा जाणवायला लागतो. उंच माणसांना पाठ अपुरी पडते, हात टेकवायला काही नाही. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्यांना प्रयोगानंतर थांबवून घेतो, चळत लावायला.